चुन्याच्या घराण्यातला चुंबक

यवतमाळ जिल्ह्यात वणी तालुक्यातले राजूर दोन गोष्टींसाठी ओळखले जाते, कोळसा आणि चुना. जमिनीत गोंडवन काळातला कोळसा आणि त्याच परिसरात त्याहून कितीतरी जुनी चुनखडी. एकाने दुसऱ्याला भाजायचे की कळीचा चुना तयार. भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० किलो दगडाचा ५६ किलो चुना उरतो. बाहेरून दगड तसाच दिसतो, पण त्याच्या आतली अणूंची मांडणी पार बदललेली असते. पाणी घातले की तो फसफसून उकळतो आणि त्याची भुकटी होते. घन पदार्थाला नुसती आच देऊन त्याचा स्वभाव बदलता येतो, हे राजूरच्या भट्टीवर काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या कळीच्या चुन्यात टायटॅनियमचे ऑक्साइड मिसळून ते आणखी बऱ्याच वरच्या तापमानाला भाजले, तर कॅल्शियम टायटॅनेट तयार होते. टायटॅनियमसाठी फार लांब जायला नको, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ते आहे. निसर्गानेही हा पदार्थ घडवला आहे. १८३९ मध्ये गुस्ताव रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाला तो उरल पर्वतातून आलेल्या नमुन्यात सापडला आणि लेव्ह पेरोव्ह्स्की या रशियन खनिजतज्ज्ञाच्या नावावरून त्याने त्याला ‘पेरोव्हस्काइट’ म्हटले. आज पेरोव्हस्काइट हे एका खनिजाचे नाव राहिलेले नाही, ते अणूंच्या एका विशिष्ट रचनेचे नाव झाले आहे. चौकोनी खोलीच्या आठ कोपऱ्यांत एका जातीचे मोठे अणू, खोलीच्या मध्यभागी दुसऱ्या जातीचा छोटा अणू आणि त्या छोट्याभोवती सहा बाजूंनी ऑक्सिजनचा पिंजरा. कोपऱ्यातले आणि मधले अणू बदलत गेले की पदार्थाचे गुण बदलतात, घराची बांधणी मात्र तीच राहते.

या घराण्यातले पदार्थ आपल्या रोजच्या वापरात आहेत. गॅस पेटवायचा लायटर खटकन दाबला की ठिणगी पडते, ती शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम असलेल्या पेरोव्हस्काइटवर दाब पडल्यामुळे. सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावरून जो प्रोब फिरवतात, त्यात आवाजाच्या लहरी सोडणारा आणि झेलणारा पदार्थही बहुधा हाच असतो.

विषय आहे याच घराण्यातल्या एका चमत्कारिक शाखेचा. तिचे नाव मल्टिफेरॉइक. हा शब्द या अर्थाने १९९४ मध्ये जिनिव्हातील हान्स श्मिड यांनी रूढ केला. ज्या पदार्थात विजेची आणि चुंबकत्वाची अशी दोन्ही शिस्त एकाच वेळी आपसूक नांदते, तो मल्टिफेरॉइक. ऐकायला साधे वाटते, पण असे पदार्थ फार थोडे आहेत, आणि ते थोडे का आहेत हीच या गोष्टीतली पहिली गंमत आहे.

आधी विजेची शिस्त पाहू. वर सांगितलेल्या खोलीतला मधला छोटा अणू बरोबर मध्यभागी न बसता किंचित एका बाजूला सरकला, तर खोलीची एक बाजू थोडी धन आणि दुसरी थोडी ऋण होते. शेजारच्या सगळ्या खोल्यांतले छोटे अणू त्याच दिशेला सरकले की अख्खा स्फटिक एका बाजूने धन, दुसऱ्या बाजूने ऋण होतो. बाहेरून विजेचा दाब दिला की हे सगळे अणू उलट बाजूला सरकतात आणि दाब काढला तरी तिथेच राहतात. याला फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. नावात ‘फेरो’ असले तरी यात लोखंड असण्याचा संबंध नाही. लोहचुंबकाशी वागणे जुळते म्हणून हे नाव मिळाले. बेरियम टायटॅनेटमध्ये हा गुण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया आणि जपानमध्ये वेगवेगळा सापडला.

आता चुंबकत्वाची शिस्त. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत ते जोडीजोडीने उलटसुलट बसतात आणि एकमेकांना रद्द करतात. लोह, कोबाल्ट, मँगॅनीज अशा धातूंच्या एका विशिष्ट कक्षेत काही इलेक्ट्रॉन एकेकटे राहतात, आणि चुंबकत्व येते ते या एकेकट्यांमुळे.

अडचण इथेच आहे. टायटॅनियमसारखा अणू मध्यभागावरून सहज सरकतो, कारण त्याची तीच कक्षा रिकामी असते आणि त्या रिकाम्या जागेमुळे त्याला एका बाजूच्या ऑक्सिजनशी सलगी करता येते. विजेच्या शिस्तीसाठी घर रिकामे हवे आणि चुंबकत्वासाठी त्याच घरात बिऱ्हाडकरू हवेत. दोन्ही एकदम कसे जमणार? २००० साली निकोला स्पाल्डिन यांनी (तेव्हा त्या निकोला हिल या नावाने लिहीत) नेमका हाच प्रश्न एका शोधनिबंधाचा विषय केला की चुंबकीय फेरोइलेक्ट्रिक इतके दुर्मीळ का? त्यांनी हे अवघडलेपण समजावून सांगितले आणि त्यातून सुटायच्या वाटाही दाखवल्या.

सगळ्यांत गाजलेली वाट बिस्मथ फेराइटची. या पदार्थात खोलीच्या कोपऱ्यांत बिस्मथ असते आणि मध्यभागी लोह. बिस्मथजवळ बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते. ती जोडी एका बाजूला फुगते आणि बिस्मथला जागेवरून सरकवते. म्हणजे विजेचे काम बिस्मथने करायचे आणि चुंबकत्वाचे लोहाने. घरातली दोन कामे दोघांत वाटून घेतली की भांडण मिटते, तसेच काहीसे. शिवाय या पदार्थाची चुंबकीय शिस्त सुमारे ३७० अंशांपर्यंत आणि विजेची शिस्त सुमारे ८३० अंशांपर्यंत टिकते. इतर अनेक मल्टिफेरॉइक पदार्थांना द्रवरूप नायट्रोजनच्या किंवा हेलियमच्या थंडीत ठेवावे लागते. बिस्मथ फेराइट मात्र वणीच्या मे महिन्यातही आपले दोन्ही गुण सांभाळून असतो.

या पदार्थाला जगाच्या नकाशावर आणणाऱ्या कामात मराठी नावे आहेत. मार्च २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बिस्मथ फेराइटच्या पातळ थरांवरचा एक निबंध प्रसिद्ध झाला. राममूर्ती रमेश यांच्या मेरीलँड विद्यापीठातील गटाने तो इतर संस्थांतील संशोधकांना बरोबर घेऊन लिहिला होता. त्याच्या लेखकांत दोन नावे आपल्याला जवळची. एक सतीशचंद्र ओगले. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अनेक वर्षे शिकवून ते मेरीलँडला गेले होते, पुढे पुण्यात परतून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि नंतर आयसरमध्ये त्यांनी काम केले. लेसरच्या स्पंदांनी पदार्थाची वाफ करून तिचा अणू-अणूंचा थर दुसऱ्या स्फटिकावर बसवण्याचे तंत्र हा त्यांच्या खास अभ्यासाचा भाग. दुसरे नाव उमेश वाघमारे. आयआयटी मुंबईत शिकलेले, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातले सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. अणूंच्या मांडणीवरून पदार्थाचे गुण गणिताने काढणे हे त्यांचे क्षेत्र. त्यांना २०१० मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०१५ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

त्या निबंधात दोन मोठे दावे होते. पहिला असा की पातळ थरातले विजेचे ध्रुवीकरण पूर्वी या पदार्थात मोजलेल्या आकड्याच्या जवळजवळ दहापट भरते. दुसरा असा की थर पातळ केला की चुंबकत्वही लक्षणीय वाढते. पहिला दावा टिकला, किंबहुना मूळ अपेक्षेपेक्षा चांगला टिकला. पुढे शुद्ध, निर्दोष मोठे स्फटिक करता येऊ लागले तेव्हा त्यांतही तितकेच मोठे ध्रुवीकरण आढळले. पातळ थराची त्यात जादू नव्हती, जुने नमुनेच सदोष होते. दुसऱ्या दाव्याचे तसे झाले नाही. २००५ मध्ये इतर गटांनी काळजीपूर्वक केलेल्या थरांत ते चुंबकत्व मिळाले नाही. पॅरिसजवळच्या एका गटाने दाखवून दिले की थर करताना परिस्थिती जरा हलली की बिस्मथ फेराइटच्या पोटात मॅघेमाइट हे लोहाचे एक ऑक्साइड तयार होते, आणि ते स्वतःच जोरदार चुंबक आहे.

विज्ञानात असे होतच असते, पण ही हकिगत इथे मुद्दाम सांगितली. कारण याच चकव्याशी आज महाराष्ट्रातल्या अनेक छोट्या प्रयोगशाळांची गाठ पडते.

त्या छोट्या प्रयोगशाळा या विषयात आल्या कशा? लेसरने थर बसवायचे यंत्र काही कोटींच्या घरातल्या सोयी मागते, ते जिल्ह्याच्या महाविद्यालयात नसते. पण बिस्मथ फेराइटची नॅनो आकाराची भुकटी करायला भट्टी, तराजू, काचेची भांडी आणि चिकाटी एवढे पुरते. फेराइट या पदार्थांवर काम करण्याची परंपरा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात जुनी आहे. तिथून शिकून गेलेले प्राध्यापक मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या तालुक्या-तालुक्यांत आहेत.

नॅनो म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. बिस्मथ फेराइटच्या बाबतीत मात्र एक विशिष्ट आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, तो म्हणजे ६२ नॅनोमीटर. त्यामागचे कारण असे. या पदार्थात शेजारशेजारच्या लोहाच्या अणूंची चुंबकीय टोके एकमेकांच्या विरुद्ध असतात, रस्सीखेचीत दोन्ही बाजू तोलामोलाच्या असाव्यात तशी. ती अगदी नेमकी विरुद्ध नसतात, किंचित कललेली असतात, त्यामुळे थोडे चुंबकत्व शिल्लक राहायला हवे. पण ही सगळी मांडणी स्फटिकातून पुढे जाताना हळूहळू फिरत जाते आणि ६२ नॅनोमीटरमध्ये एक पूर्ण फेरा घेते. एका जागी उरलेले चुंबकत्व अर्ध्या फेऱ्यानंतरच्या उलट चुंबकत्वाने पुसले जाते. १९८२ मध्ये पोलंडच्या इझाबेला सोस्नोव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने हा फेरा शोधून काढला.

आता कणच ६२ नॅनोमीटरपेक्षा लहान केला तर? नऊवारी नेसायला घ्यावी आणि कापड पाच वारच निघावे, तशी स्थिती होते. फेरा पुरा होत नाही, म्हणून पुसापुशीही पुरी होत नाही आणि कणाला थोडे चुंबकत्व येते. कणाच्या पृष्ठभागावरचे जोडीदार नसलेले अणू त्यात आपली भर घालतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने १५ नॅनोमीटरपासून सुमारे १०० नॅनोमीटरपर्यंतचे कण करून दाखवले, आणि कण जसजसा लहान तसतसे चुंबकत्व वाढते हे मोजले. इथे नॅनो हा शब्द शोभेचा नाही. आकार कमी केल्यावर पदार्थ खरोखर वेगळा वागतो.

ही भुकटी करायच्या अनेक पद्धती आहेत, त्यांतली एक स्वयंपाकघराच्या जवळची आहे. बिस्मथ नायट्रेट आणि लोहाचे नायट्रेट ठरलेल्या प्रमाणात घ्यायचे. लोहाचे पाण्यात सहज विरघळते, बिस्मथचे नाही. नुसत्या पाण्यात ते दुधाळ होऊन खाली बसते, म्हणून त्याला सौम्य नायट्रिक आम्ल लागते. मग त्यात सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल घालायचे. सायट्रिक म्हणजे लिंबातले आणि टार्टारिक म्हणजे चिंचेतले. ही आम्ले दोन्ही धातूंना आपल्या रेणूंत धरून ठेवतात, म्हणजे मिश्रणात दोघे अगदी अणूच्या पातळीवर शेजारी राहतात. मंद आचेवर ढवळत राहिले की पाणी आटते, मिश्रण चिकट होते, मग फुगते आणि शेवटी पेट घेते किंवा करपून भुसभुशीत भुकटी होते. ती भट्टीत ४०० ते ६०० अंशांना काही तास भाजायची. नुसती दोन ऑक्साइडे खलबत्त्यात घोटून भाजली तर ८०० अंशांच्या पुढे जावे लागते आणि कण मोठे होतात. अणू आधीपासून शेजारी असले की कमी आचेत काम होते, आणि कमी आच म्हणजे बारीक कण.

लिंबू की चिंच, हा इथे चवीचा प्रश्न राहत नाही. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेतल्या गटाने २००५ मध्ये दाखवले की टार्टारिक आम्ल वापरले तर शुद्ध बिस्मथ फेराइट मिळते, तर सायट्रिक आम्लाच्या वाटेने गेल्यास बरोबर नको ती संयुगेही येतात. दोन आम्ले धातूंना वेगवेगळ्या तऱ्हेने धरतात, त्याचा हा परिणाम. आमटीत आमसूल की चिंच यावर वाद घालणाऱ्या घरांत हा निष्कर्ष जपून सांगावा.

खरी कसोटी भट्टीत लागते. लाडवाचा पाक एकतारी असताना उतरवायचा की दोनतारी, हे ज्याला कळते त्याला ही अडचण लगेच कळेल. तापमान कमी पडले तर दोन्ही ऑक्साइडे पूर्णपणे एकजीव होत नाहीत. जास्त झाले तर बिस्मथ उडून जाऊ लागते, कारण त्याचे ऑक्साइड सव्वाआठशे अंशांच्या आतच वितळते. बिस्मथ कमी झाले की लोह जास्त असलेले एक संयुग बनते. बिस्मथ जास्त राहिले तर बिस्मथचा भरणा असलेले दुसरे. म्हणून बरेच जण सुरुवातीलाच बिस्मथ थोडे वाढवून घेतात. किती वाढवायचे हे पुस्तकात सापडत नाही, ते त्या त्या भट्टीवर आणि मुशीच्या झाकणावर ठरते. भट्टीच्या दर्शनी काट्यावरचे तापमान आणि मुशीतले तापमान यांत फरक असतो, तो आधी मोजून घेणारा विद्यार्थी पुढचे सहा महिने वाचवतो.

इथे आरोग्याची एक गोष्ट. नायट्रेटचे हे मिश्रण तापले की त्यातून तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्याने छातीत लगेच फार काही जाणवले नाही तरी फुप्फुसांत पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो. म्हणून हे काम धूर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटातच करावे, नुसती खिडकी उघडून भागत नाही. तयार झालेली नॅनो भुकटीही नाकातोंडात जाऊ नये म्हणून चांगला मास्क हवा. बिस्मथ हा जड धातूंमध्ये त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचा आहे. जठरव्रणाच्या काही औषधांत त्याची संयुगे दिली जातात. शिसे असलेल्या पेरोव्हस्काइटला पर्याय शोधताना त्याचे नाव पुढे येते ते याचमुळे. पण गोळीतून पोटात जाणारे बिस्मथ निराळे आणि श्वासातून फुप्फुसात जाणारी बारीक भुकटी निराळी.

भुकटी तयार झाली. ती खरोखर बिस्मथ फेराइटच आहे हे कसे कळणार? पहिली परीक्षा क्ष-किरणांची. स्फटिकातल्या अणूंच्या रांगांवर आपटून क्ष-किरण ठरावीक कोनांतच जोराने परततात आणि आलेखावर शिखरे उमटतात. प्रत्येक पदार्थाची शिखरे वेगळी, बोटांच्या ठशांसारखी. बिस्मथ फेराइटची दोन शेजारशेजारची मोठी शिखरे नेहमीच्या यंत्रावर ३२ अंशांच्या आसपास येतात. अनुभवी डोळा मात्र आधी २८ अंशांच्या आसपास जातो, कारण नको असलेली दोन्ही संयुगे तिथे डोके वर काढतात. कण जितके लहान तितकी शिखरे रुंद होतात, आणि पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये दिलेल्या सूत्राने त्या रुंदीवरून स्फटिकाच्या आकाराचा अंदाज येतो.

पण या परीक्षेची एक मर्यादा आहे. एखादा भेसळ पदार्थ एक-दोन टक्क्यांहून कमी असेल आणि त्याचे कण बारीक असतील, तर त्याचे शिखर आलेखाच्या खडबडीत तळात सहज बुडून जाते. आता हिशेब करू. नॅनो बिस्मथ फेराइटचे चुंबकत्व अगदी बारीक कणांत आणि मोठ्या चुंबकीय क्षेत्रातही ग्रॅममागे साधारण दीड ईएमयूच्या घरात असते. ईएमयू हे चुंबकत्व मोजण्याचे एकक. मॅघेमाइटचे चुंबकत्व ग्रॅममागे ७५ ईएमयूच्या आसपास. म्हणजे भुकटीत फक्त एक टक्का मॅघेमाइट असले, तरी पाऊण ईएमयू त्याचेच. मोजलेल्या चुंबकत्वातला निम्मा वाटा त्या न दिसणाऱ्या एका टक्क्याचा असू शकतो. दुधात पाणी किती हे लॅक्टोमीटर सांगतो. इथे भेसळीची मात्रा इतकी कमी आणि तिचा जोर इतका जास्त, की यंत्राने दिलेल्या आकड्यावरून पदार्थाबद्दल काहीच ठरत नाही. २००३ च्या त्या प्रसिद्ध निबंधातल्या दुसऱ्या दाव्याचे जे झाले, त्याची ही घरगुती आवृत्ती.

विजेच्या परीक्षेतही चकवा आहे आणि तो जास्त विनोदी आहे. फेरोइलेक्ट्रिक पदार्थाला उलटसुलट विजेचा दाब दिला की दाब आणि ध्रुवीकरण यांचा आलेख एक बंद वेटोळे काढतो. चांगल्या नमुन्यात या वेटोळ्याची टोके अणकुचीदार आणि सपाट असतात. नमुन्यातून वीज गळत असेल तरीही वेटोळे मिळते, फक्त ते फुगीर आणि गोलसर टोकांचे असते. बिस्मथ फेराइटमध्ये ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहिल्या किंवा काही लोहाचा विद्युतभार बदलला की अशी गळती हमखास होते. २००८ मध्ये केंब्रिजच्या जेम्स स्कॉट यांनी केळ्याच्या सालीला दोन बाजूंनी तारा जोडून तिचे वेटोळे मोजले आणि प्रसिद्ध केले. ते अनेक शोधनिबंधांत छापलेल्या वेटोळ्यांसारखेच दिसत होते. केळ्याची साल अर्थातच फेरोइलेक्ट्रिक नाही. जळगावकरांनी यात मानहानी मानू नये, पण त्यानंतर फुगीर वेटोळे दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक ‘केळे आणलेस का?’ असे विचारू शकतात.

गळती कमी करण्यासाठी बिस्मथच्या काही जागी लॅन्थॅनम, निओडिमियम, गॅडोलिनियम असे अणू बसवतात. त्यामुळे बिस्मथ उडून जाण्याचे प्रमाण घटते आणि ६२ नॅनोमीटरचा फेराही मोडतो. या विषयावरचे अनेक प्रबंध अशा एखाद्या बदलाभोवती उभे आहेत. माझे मत विचाराल तर एक नवा अणू घालून मिळालेला वाढीव आकडा छापण्यापेक्षा, न बदललेला शुद्ध नमुना पाच वेळा सारखाच करून दाखवणे हे अधिक मोलाचे काम आहे. पण तशा कामाला पाहुण्यांसमोर मांडायला नवे नाव नसते.

एवढा खटाटोप कशासाठी? संगणकाच्या चकतीवर माहिती चुंबकाच्या रूपात लिहिली जाते आणि चुंबकाची दिशा उलटवायला विजेचा प्रवाह सोडावा लागतो. प्रवाह म्हणजे उष्णता. हातातला फोन तापतो, मोठ्या माहिती केंद्रांना थंड ठेवायला वेगळी वीज जाळावी लागते. फेरोइलेक्ट्रिक स्मृतीत नुसता दाब देऊन लिहिता येते, प्रवाह जवळजवळ लागत नाही. पण ती वाचताना लिहिलेले पुसले जाते आणि पुन्हा लिहावे लागते. एकाच पदार्थात दोन्ही गुण असतील तर विजेच्या दाबाने लिहायचे आणि चुंबकत्वाने वाचायचे. २०१४ मध्ये रमेश यांच्या गटाने (तोवर ते बर्कलेला गेले होते) बिस्मथ फेराइटच्या थरावर कोबाल्ट-लोहाचा थर बसवून, खोलीच्या तापमानाला केवळ विजेच्या दाबाने वरच्या चुंबकाची दिशा पूर्ण उलटवून दाखवली. पुढे इंटेल कंपनीच्या संशोधकांनी या तत्त्वावर संगणकाचा मूळ घटक कसा करता येईल याची मांडणी केली. दुकानात मिळणाऱ्या यंत्रात ते अजून आलेले नाही. दाब हजारो कोटी वेळा उलटसुलट केल्यावर थर थकतो का, हा त्यातला एक कळीचा प्रश्न आहे.

वैद्यकातली वाट थोडी वेगळी आहे. तिथे एकाच पदार्थावर दोन्ही कामे न सोपवता दोन पदार्थ एकमेकांना चिकटवतात. आत कोबाल्ट फेराइटचा कण, वर बेरियम टायटॅनेटची साल. बाहेरून चुंबकीय क्षेत्र बदलले की आतला कण किंचित आकार बदलतो, साल दाबली जाते आणि गॅसच्या लायटरसारखी वीज निर्माण करते, फक्त नॅनो मापाची. ही दोन पदार्थांची जोडी फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात सुचवली होती, तीही मोठ्या तुकड्यांसाठी. २०२१ मध्ये असे नॅनोकण उंदरांच्या मेंदूत सोडून, तार न जोडता बाहेरच्या चुंबकाने मेंदूच्या खोल भागाला उत्तेजना देता येते, असे दाखवण्यात आले. कंपवाताच्या काही रुग्णांच्या मेंदूत आज तार बसवावी लागते, म्हणून या प्रयोगाकडे लक्ष गेले. हे काम अजून उंदरांपुरतेच आहे. कोबाल्ट शरीरात झिरपले तर ते विषारी ठरते आणि एकदा मेंदूत गेलेला कण परत काढता येत नाही. ‘नॅनो चुंबक थेरपी’ म्हणून कोणी काही विकायला आले, तर त्याचा या संशोधनाशी संबंध नाही एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुन्हा भुकटीकडे येऊ. चुंबकत्व भेसळीचे की पदार्थाचे, हे ठरवायला क्ष-किरणांपलीकडे जावे लागते. मोसबावर नावाच्या तंत्रात लोहाचा अणूच आपल्या आसपासची हकिगत सांगतो. बिस्मथ फेराइटमधला लोहाणू आणि मॅघेमाइटमधला लोहाणू यांची साक्ष वेगळी असते. दुसरा साक्षीदार न्यूट्रॉन. तो स्वतः इवलासा चुंबक असल्यामुळे स्फटिकातून जाताना त्याला अणूंच्या जागांबरोबर त्यांची चुंबकीय टोके कुठे वळली आहेत तेही कळते. ६२ नॅनोमीटरचा फेरा शाबूत आहे की मोडला, हे तोच सांगतो.

न्यूट्रॉनसाठी अणुभट्टी लागते. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव ही भट्टी १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिच्याभोवती अशा मोजणीची यंत्रे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन संघाचे एक केंद्र मुंबईत याच परिसरात आहे. महाविद्यालयांतल्या आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना ही यंत्रे वापरता यावीत हेच त्याचे काम. नमुना काय आहे आणि कोणता प्रश्न सोडवायचा आहे हे लिहून प्रस्ताव पाठवायचा, तो मान्य झाला की यंत्रावर वेळ मिळतो. चुंबकीय मोजणी आणि इतर अनेक परीक्षा संघाच्या इंदूरच्या केंद्रात होतात. वणी किंवा यवतमाळच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही हाच रस्ता आहे.

तुर्भ्याला जाताना मात्र भुकटी काही ग्रॅम न्यावी लागते, कारण न्यूट्रॉन पदार्थातून आरपार जातो आणि थोड्या नमुन्यात त्याची गाठच पडत नाही. चिंचेच्या आम्लाच्या पद्धतीने एका वेळी जेमतेम एक-दोन ग्रॅम मिळते. म्हणून तेच मिश्रण पाच-सहा वेळा करायचे, तीच मूस, तेच झाकण, तेवढेच तास. प्रत्येक वेळची भुकटी वेगळ्या बाटलीत ठेवून प्रत्येकीचा क्ष-किरण आलेख काढायचा आणि २८ अंशांच्या आसपास सगळे आलेख सपाट आले, तरच बाटल्या एकत्र करायच्या.